कापड बघून घेतलेले शेअर

माझ्या मावशीला शेअरमधलं काही कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मी आजही भांडायला उठतो. कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती बुडाली ती न कळल्यामुळे नाही, माझ्यामुळे बुडाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक मला मधेच शहाणपण शिकवायला लागतात.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काका लग्नानंतर सहाव्या वर्षी गेले, मूलबाळ नव्हतं. तिने दुसरं लग्न केलं नाही, कुणाच्या घरी राहायलाही गेली नाही. एक गाळा भाड्याने घेतला आणि शिलाई मशीन मांडलं, पुढे दुसरंही. दहा फूट बाय आठचा गाळा, एका बाजूला चाव्या करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. मागे उत्तरेकडे एक खिडकी. त्या खिडकीवर तिचा फार जीव. "उन्हाचा त्रास नाही आणि उजेड दिवसभर सारखा," म्हणायची. एकोणतीस वर्षं ती त्या खिडकीशी बसली.

ती ब्लाऊज, फ्रॉक असलं काही शिवायची नाही. "बायकांचं माप घेतलं की वर्षाने त्या माझ्यावरच खापर फोडतात," असं तिचं म्हणणं. ती फक्त गणवेश शिवायची. गाळ्यासमोर केबल कंपनीचं ऑफिस होतं. खांबावर चढून घराघरात टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी नेणाऱ्या माणसांचे शर्ट-पँट तिच्याकडे. आणि मी बँकेत स्टोअर सांभाळायचो, म्हणजे छापील फॉर्म, खुर्च्या, पंखे, गणवेश. त्यामुळे आमच्या बँकेच्या शिपायांचे, ड्रायव्हरांचे, पहारेकऱ्यांचे गणवेशही तिच्याकडे. भाच्याने मावशीला काम दिलं म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी मी तिचे दर सगळ्यांपेक्षा कमी लावून घेतले होते. त्यावरून तिने मला दोन वर्षं ऐकवलं.

तिच्याकडे दोनच कंपन्यांचे शेअर होते. केबल कंपनी बाजारात उतरली तेव्हा तिथल्या साहेबांनी शिलाईच्या बिलाबरोबर शेअरचा फॉर्मही पुढे केला, म्हणून केबलचे. आणि मी डोकं खाल्लं म्हणून बँकेचे. पुढे थोडे थोडे करून तिने दोन्हीकडचे वाढवले, पण तिसरीकडे कधी गेली नाही. "ज्याचं माप माझ्या वहीत नाही, त्याला मी पैसे देत नाही."

आणि तिची पारख शितावरून भाताची. मी वार्षिक अहवाल वाचायचो, ती कपडे वाचायची. बँकेचे शिपाई दर वर्षी कंबर वाढवून घ्यायला यायचे, तर ती म्हणायची, "माणसं टिकतायत, खातायत, पगार वेळेवर होतोय." केबलवाल्यांचे गुडघे आधी फाटायचे, मग एका वर्षी कोपर फाटायला लागले, तर म्हणाली, "आता हे खांबावर कमी आणि लोकांच्या कपाटामागे जास्त घुसतायत. घराघरात इंटरनेट जोडतायत. अजून घे थोडे." मी हसलो. त्या वर्षी केबलचा शेअर चाळीस टक्के वर गेला. मग मी हसायचा बंद झालो.

एक दिवस केबल कंपनीने तिचं काम काढून घेतलं. काही भांडण नाही, तंटा नाही. कंपनी एवढी मोठी झाली की बाराशे लोकांचे तयार कपडे एका कारखान्यातून एकदम यायला लागले. साहेब स्वतः सांगायला आले, चांगलं बोलले. मावशीने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि ते गेल्यावर स्टूल पायाने ढकलून दिलं.

त्याच वर्षी आमच्या बँकेनेही गणवेश शिवणं बंद केलं. पहारेकरी एजन्सीचे आले, ते आपले कपडे घेऊनच आले. गाड्या भाड्याच्या झाल्या, ड्रायव्हर गेले. राहिले मूठभर शिपाई, त्यांना साहेबांनी सांगितलं, घरचे कपडे घाला. मावशीला हे सांगायला म्हणून मी गाळ्यावर गेलो. बघतो तर ती दोन्ही मशीन पुसून, तेल घालून, हात मांडीवर ठेवून बसलेली. आयुष्यात मी तिला रिकाम्या हाताने बसलेली बघितली नव्हती. मला बघून म्हणाली, "ये रे बँकवाल्या. आता तुझाच आधार."

स्टोअरमध्ये सगळ्या शाखांमधून परत आलेले जुने गणवेश पोत्यांत भरून पडले होते, रद्दीच्या भावाने जायचे होते. मी म्हणालो, "मावशी, बँकेने ठरवलंय, नवीन शिवायचे नाहीत. आहेत तेच दुरुस्त करून वापरायचे. महिन्याला एक पोतं येईल." हे कुठून सुचलं मला माहीत नाही. पण तिचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मूर्ख माणसाला कौतुक पटकन वाटतं.

दर महिन्याला मी एक पोतं न्यायचो. मागचं, दुरुस्त झालेलं पोतं परत आणून स्टोअरच्या कोपऱ्यात रचायचो. पैसे माझ्या पगारातून, बँकेच्या पाकिटात घालून. बायकोला माहीत होतं. ती म्हणाली, "द्या की. तुमची मावशीच आहे. पण सांगून द्या." मी म्हणालो, सांगून दिले तर ती घेईल का? बायको ताटं उचलायला लागली, आणि मला वाटलं माझंच बरोबर.

मावशी तर बँकेवर खूष. रफू करताना म्हणायची, "ही खरी संस्था. टाकत नाही, सांधते. तुमचे साहेब हुशार आहेत रे." मी मान हलवायचो.

सगळं निभावलं असतं. पण गाळ्याचे मालक एक दिवस आले. त्यांना तीन वर्षांनी लेकीकडे कायमचं जायचं होतं. म्हणाले, "बाई, जाताना गाळा विकणार. पहिला हक्क तुमचा. भाव आजच ठरवू, तीन वर्षांत एक पैसा वाढवणार नाही." माणूस देवासारखा. भावही रास्त. मावशीचे दोन्हीकडचे शेअर विकले असते तर दोन तृतीयांश रक्कम उभी राहत होती. म्हणजे तीन वर्षांत शेअर दीडपट व्हायला हवे होते. झाले तर गाळा तिचा. नाही झाले तर मशीन तिच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, जिथे दुपारीही दिवा लागतो. आणि तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा तिला दिसत नसे. खिडकी गेली म्हणजे काम गेलं, इतकं ते सरळ होतं.

"सगळं एका जागी घालायचं," ती म्हणाली. "बोल, बँक की केबल?"

मी तीन दिवस बसून कागद तयार केला. एका बाजूला बँक, एका बाजूला केबल. बँकेचा भाव चौऱ्याऐंशी, केबलचा तीनशे दहा. बँक दर वर्षी लाभांश भरघोस द्यायची, केबल अगदीच चिमूटभर. केबलच्या डोक्यावर कर्ज होतं, पण ते वायरी टाकण्यासाठी घेतलेलं, आणि महिन्याचे पैसे भरणारी घरं दर वर्षी वाढत होती. बँकेचा शेअर स्वस्त दिसत होता. पण थकलेल्या कर्जांचा आकडा तीन वर्षं सलग फुगत होता, अहवालात छापलेलाच होता, डोळे असतील त्याने वाचावा.

"मी बँकेत तीस वर्षं काढली," मी म्हणालो, "आणि मी सांगतोय, केबल घे."

तिने कागद बाजूला केला. "काल एक केबलवाला खांबावरून उतरला. मी त्याची बाही धरली."

"कुणाची बाही?"

"त्याचीच. दचकला बिचारा. चिमटीत चोळून बघितलं. चार धुण्यांत जाळी होईल असलं कापड. पाठीवर नाव मात्र हे एवढं मोठं. बाहेरून बडेजाव, आत पोकळ. आणि फाटला की फेकतात, दुसरा देतात. अशी कंपनी तीन वर्षं नाही टिकत. आणि तुझी बँक बघ. वीस वर्षांपूर्वीचा शर्ट माझ्याकडे ठिगळाला पाठवते. जो माणूस शर्ट असा सांभाळतो, तो पैसा कसा सांभाळेल?"

"मावशी, शर्ट आणि बँक..."

"तू कागद बघतोस, मी कापड बघते. आजवर कोण चुकलं?"

आजवर ती चुकली नव्हती. हीच तर गोम होती. पारख तिची पक्की होती, मालच खोटा होता आणि तो मी पुरवला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. समोर ठिगळ लावलेल्या शर्टांची चळत, इस्त्री करून, घडीवर घडी. मी म्हणालो, "निम्मे निम्मे तरी ठेव."

"दोन डगरींवर पाय ठेवणारा मधेच पडतो," ती म्हणाली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ताटावरून उठली. "आत्ता जा आणि सांगा."

"तिला काय वाटेल?"

"आत्ता जे वाटेल ते थोडं वाटेल."

मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. परवा मावशीच दारात, हातात पिशवी, "चल दलालाकडे." तिथे फॉर्म मी भरला, माझ्या अक्षरात. केबलचे सगळे विकले, त्या पैशांचे बँकेचे घेतले. तिने सही केली आणि मला म्हणाली, "तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? तुझ्याच बँकेचे घेतले ना?"

पुढची दोन वर्षं बँकेचा शेअर वर गेला. सत्त्याण्णव झाला. तिने माझी भरपूर टर उडवली, आणि मला एवढं हायसं वाटलं की मी स्वतःला समजावलं, कदाचित तिचंच बरोबर असेल. इकडे माझी अडचण वेगळीच. पोती संपली होती. स्टोअरमध्ये आता होते ते सगळे तिने एकदा दुरुस्त केलेले. मग मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी स्टोअरचं दार लावून ब्लेड घेऊन बसलो. तिच्या हातची बटणं तोडली, शिवणी उसवल्या, खिशांचे कोपरे फाडले, आणि तेच कपडे पुन्हा तिच्याकडे नेले. हे बायकोलाही सांगितलं नाही.

मावशीने पहिलाच शर्ट हातात घेतला आणि ओळखला. मी दाराकडे सरकलो. ती मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होती. "अरे, हा मागे मीच केला होता! बघ, चांगला वापरलाय. कापड दुसरीकडे गेलं, पण माझं ठिगळ जसंच्या तसं आहे." चाव्यावाल्याला हाक मारून तिने ते ठिगळ दाखवलं.

तिसऱ्या वर्षी बँकेचं बिंग फुटलं. तीन बड्या बिल्डरांना दिलेली कर्जं बुडाली, बरीच आधीच बुडालेली होती आणि कागदावर जिवंत ठेवली होती. भाव साठ झाला, मग एकतीस, मग एकोणीस. मी रोज सांगायचो, विक, आहे ते तरी हातात येईल. ती म्हणायची, "उसवलं म्हणून कुणी कापड टाकत नाही." शेवटी एका मोठ्या बँकेने आमची बँक गिळली. आमच्या पंधरा शेअरला त्यांचा एक. केबल तेव्हा सहाशे चाळीसला होती. तिने बाकी काही न करता फक्त केबलचे ठेवले असते, तर त्यांच्यावर निम्म्याहून जास्त गाळा सुटत होता. सगळं केबलमध्ये घातलं असतं, तर गाळा घेऊन वर रंगही दिला असता.

मालक दोन महिने थांबले. मग तेही काय करणार? आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि खिडकीवर फळ्या ठोकून त्यावर माल टांगलाय. माझ्याकडे चार पैसे असते तर गाळा मीच घेतला असता, पण घराचे हप्ते आणि दर महिन्याचं ते पाकीट, हातात काही उरलंच नव्हतं. मशीन दोन्ही मावशीच्या मागच्या खोलीत चढवली. तिने कुणाला दोष दिला नाही. "बाजार आहे. एवढे शिकलेले लोक चुकले, मी तर सातवी पास."

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझी झोप उडाली.

आणि एका सकाळी मी गेलो, तर ती चांगली साडी नेसून, केस विंचरून तयार. हातात पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि मापांची वही.

"कुठे निघालीस?"

"तुझ्या नव्या बँकेत. मोठ्या साहेबांना भेटते. दुरुस्तीचं काम मला चालू ठेवा म्हणते. त्यांना सांगणार, तुमच्या शिपायांना विचारा, चार वर्षं माझ्या हातचे कपडे अंगावर घातलेत, कुठे एक टाका सुटला का? तू फक्त ओळख करून दे."

आता पळवाट नव्हती. तिला साहेबांच्या दारात कुणीतरी हसलं असतं, ते मला सहन झालं नसतं. मी मशीनच्या स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. बँकेने काम कधीच बंद केलं होतं, पोती रद्दीची होती, पाकिटातले पैसे माझे होते. ती उभीच होती. पिशवी हातात तशीच.

"म्हणजे बँक शर्ट सांभाळत नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"मग मी ते शेअर..." मी मान खाली घातली. मला वाटलं आता पैशांवरून बोलेल. बोलावं, शिव्या द्याव्या, हवं तर मारावं, त्याची माझी तयारी होती.

"कुणी घातलेच नाहीत?" ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"एकानेही नाही?"

"नाही."

"अरे, मग तो माझा शर्ट परत आला होता तो? दुसरीकडे फाटलेला?"

"मी फाडला. ब्लेडने."

ती खाली बसली. तोंडाला पदर लावून रडली, मोठ्याने, मी कधी ऐकलं नव्हतं असं. मग रडणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "मी काय भिकारीण होते? द्यायचे तर पैसे म्हणून द्यायचे होतेस. मी तुझ्या तोंडावर फेकले असते आणि विषय संपला असता. काम म्हणून का दिलेस? चार वर्षं मला वाटत होतं, एखादा माणूस त्यात चालतोय, बसतोय, जिना चढतोय. मी बाह्या दुहेरी करत होते त्याच्यासाठी. एका डोळ्याने करत होते रे."

"मावशी, पैसे मी..."

"पैसे बाजाराने नेले. ते जाऊ दे. उठ त्या स्टुलावरून. माझं बसायचं आहे ते."

मी उठलो. तिने दार लावून घेतलं.

पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. बायको जायची, भाजी द्यायची, निरोप आणायची नाही. मोठ्या बँकेने स्टोअर रिकामं करायला लावलं तेव्हा ती सगळी पोती मी एका टेम्पोत घालून बांधकामावरच्या मजुरांकडे नेली. चांगले कपडे बघून त्यांनी जागच्या जागी अंगात घातले. हे मी तिला जाऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विश्वास तरी का ठेवावा?

सहाव्या महिन्यात मी एक पँट घेतली, लांब होती. गल्लीतला कुठलाही शिंपी दहा मिनिटांत करून देईल असं काम. ती घेऊन मी तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. मशीन तिने जिन्याच्या दाराशी ओढून घेतलं होतं, तेवढाच काय तो उजेड. शेजारणीची उशीची खोळ चालू होती. मी पँट पुढे केली. तिने ती घेतली नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"घालणार आहेस ना रे?" तिने विचारलं.